म्हादईचं खारं टोक: समुद्र चढतो तेव्हा पणजीच्या काठाचं काय होतं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानालगतच्या एका गावातून निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी प्रश्न पाठवला आहे. थोडक्यात तो असा: "आमच्या रानात उगम पावणारी म्हादई पुढे मांडवी होऊन पणजीला समुद्रात मिळते. मुलगा पणजीत नोकरीला आहे, रायबंदरच्या बाजूला फ्लॅट घ्यायचा म्हणतो. समुद्राची पातळी वाढते आहे असं सारखं वाचनात येतं. तिथली खारफुटी, पाणपक्षी, खाजनशेती यांचं काय होईल? नवी खारफुटी लावली तर शहर वाचेल का? आणि आम्हा वरच्या लोकांचा यात काही संबंध येतो का?"

गुरुजी, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. संबंध येतो, आणि चांगलाच येतो. मी राहायला बेळगावचा असलो तरी कामाचं आयुष्य मांडवी आणि काळी या दोन नद्यांच्या खाड्यांत गेलं आहे. काठाच्या पातळ्या घेणं, गाळ मोजणं, खारफुटीची पाहणी हेच काम. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. समुद्र किती चढणार या आकड्यावर आपण जेवढं बोलतो, त्याच्या निम्मंही नदीच्या काठाबद्दल बोलत नाही. काठाला मागे सरकायला जागा आहे का, आणि वरून गाळ नि गोडं पाणी येतं आहे का, यावर खाडीतल्या जिवांचं सगळं ठरतं. पैकी जागा पणजीच्या हातात आहे. गाळ आणि गोडं पाणी मात्र तुमच्या रानातून येतं.

आकडे थोडक्यात सांगून टाकतो. आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या, २०२१ च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात जगातली सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत वाढीचा वेग वर्षाला १.३ मिलिमीटर होता, २००६ ते २०१८ मध्ये तो ३.७ वर गेला. आपल्या बाजूचा, म्हणजे उत्तर हिंदी महासागराचा वेग १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला ३.३ मिलिमीटर होता, असं भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो. पुढचं पाहायचं तर जगाने धूर सोडणं मध्यम प्रमाणात आवरलं तरी या शतकाच्या शेवटाला अर्धा ते पाऊण मीटरच्या आसपास वाढ धरावी लागते, आणि नाहीच आवरलं तर मीटरभराची. पाणी तापलं की फुगतं आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो, ही त्याची दोन मुख्य कारणं. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळल्याने पातळी जवळपास वाढत नाही. शाळेत हा गोंधळ नेहमी होतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

वर्षाला तीन-साडेतीन मिलिमीटर ऐकून माणूस निर्धास्त होतो. पणजीला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरकच सव्वादोन मीटरच्या घरात असतो, त्यापुढे हे काय, असं वाटतं. पण खाडीकाठचं सगळं जगणं त्या सव्वादोन मीटरच्या आत वाटलेलं आहे. सगळ्यात खाली, फक्त ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा पट्टा. तिथे तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, कालवं, किडे, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे तुतवार, चिखले. त्याच्या वर, साधारण सरासरी समुद्रपातळीपासून उधाणाची भरती पोचते तिथपर्यंत, खारफुटी: मुखाकडे पांढरी चिपी, मग तिवर, कांदळ, काठाला काटेरी मारांडी. त्याही वर खाजनाचे, म्हणजे भरतीपासून राखलेल्या शेतजमिनीचे, बांध. खारफुटीच्या वाट्याला उंचीत फार तर एक-सव्वा मीटर येतो. याच्या खाली तिची मुळं बुडून गुदमरतात, याच्या वर दुसरी झाडं तिला उभी राहू देत नाहीत.

आता हिशेब करून बघा. काठाचा उतार शंभराला एक असेल, तर एक मीटर उंचीचा पट्टा जमिनीवर शंभर मीटर रुंद भरतो. समुद्र ३० सेंटिमीटर चढला की हा सगळा पट्टा ३० मीटर आत सरकायला हवा. खालची ३० मीटरची झाडं मरतील आणि मागे मोकळी जमीन असेल तर तिथे तेवढीच नवी उगवतील. मांडवीत बियांची वानवा नाही. कांदळाच्या लांब शेंगांसारख्या बिया भरतीबरोबर वाहत येतात आणि जागा मिळेल तिथे रुजतात. पण मागे रस्ता असेल, दगडी भिंत असेल, भराव टाकून केलेलं मैदान असेल, तर खालचे ३० मीटर जातात आणि वर काही मिळत नाही. पट्टा निमूट अरुंद होत जातो. दरवर्षी हातभर कमी झाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. खाडीवर काम करणारे आम्ही याला काठाची कोंडी म्हणतो.

पणजीचा काठ तुम्ही पाहिला आहे. मिरामारपासून कांपाल, जेटी, पाटो आणि पुढे रायबंदरपर्यंत डाव्या काठाला बहुतेक ठिकाणी रस्ता अगदी पाण्याला लागून आहे. पणजी ते रायबंदर हा पाण्यातून गेलेला लांब दगडी सेतू पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात बांधला. त्याच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला मिठागरं, पाणथळ आणि खारफुटी. राजधानी जुन्या गोव्याहून पणजीला आली १८४३ मध्ये. तेव्हापासून दलदलीत भर टाकूनच शहर वाढत आलं आहे. हे त्या काळाला धरून झालं, आज कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्याचा परिणाम असा की शहराच्या बाजूला खारफुटीला मागे जायला जागाच उरलेली नाही. पाटोजवळची, मळ्याच्या ओहोळातली आणि सांत इनेजच्या नाल्यातली झाडं आहेत तिथेच अडकून पडली आहेत. मला त्यांची सर्वांत जास्त काळजी वाटते.

समोरच्या काठाला चित्र वेगळं आहे. चोडण बेटाच्या टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, १.७८ चौरस किलोमीटरचं. त्याच्यामागे आणि शेजारच्या दिवाडी बेटावर सखल खाजनं पसरली आहेत. खाजन म्हणजे खाडीच्या भरतीरेषेखालची जमीन बांध घालून लागवडीला आणलेली. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर आहे. पावसाळ्यात तिथे कोरगूटसारखं खारं सोसणारं भात, पीक निघाल्यावर मासे, काही ठिकाणी उन्हाळ्यात मीठ. आपल्या उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यात अघनाशिनीच्या काठाला हीच पद्धत गजनी नावाने आहे आणि तिथलं भात कग्गा. ही शेती समुद्रपातळीशी केसभर अंतर राखून चालते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

खाजनाच्या बांधात जिथे आतला ओहोळ नदीला मिळतो तिथे मानस असतं, म्हणजे झडपांचं दार. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे खांब आणि मध्ये बाहेरून आत ढकललं की घट्ट बसणारी लाकडी फळ्यांची दारं. लाकूड माट्टीचं, कारण ते खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं. भरतीचं पाणी चढू लागलं की तेच पाणी बाहेरून दार दाबून बंद करतं. ओहोटी लागून बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की आतलं पाणी दार उघडून बाहेर पडतं. माणसाने उन्हाळ्यात थोडं खारं पाणी आत घ्यायचं, पावसाळ्यात अजिबात नाही, एवढी देखरेख ठेवायची. मानसापाशी ओहोटीला जाळं लावून मासे धरायचा हक्क लिलावाने दिला जातो आणि बांधाच्या डागडुजीला पूर्वी हाच पैसा लागायचा. विजेशिवाय, पंपाशिवाय शेकडो हेक्टर जमिनीचा निचरा करणारी याहून नेटकी रचना मी पाहिलेली नाही.

समुद्र ३० सेंटिमीटर चढल्यावर या दाराचं काय होतं बघा. सोपं जावं म्हणून आतलं पाणी आजच्या सरासरी समुद्रपातळीला ठेवायचं आहे असं धरू. उधाणाच्या सुमारास भरती-ओहोटीत २ मीटरचा फरक असेल, तर आज दिवसातले १२ तास बाहेरची पातळी खाली असते आणि दार उघडं राहू शकतं. समुद्र ३० सेंटिमीटर चढला की हे १२ तास पावणेदहाच्या आत येतात. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, फरक १ मीटरचाच असताना, १२ चे जेमतेम ७ तास उरतात. आणि त्या ७ तासांतही बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा जास्तीत जास्त २० सेंटिमीटर खाली जातं, आज ते ५० सेंटिमीटर जातं. म्हणजे वेळही कमी आणि ओढही कमी. ऐन आषाढात तीन-चार दिवस झड लागली आणि तिथी भांगाची असली तर शेतातलं पाणी हलणारच नाही. बांध फुटून समुद्र आत आला अशी बातमी होते, पण पुष्कळ खाजनं त्याआधीच पाण्याचा निचरा न झाल्याने पडीक पडतील. काही पडलीही आहेत. त्याला समुद्रापेक्षा शेतीतून उठलेलं मन, बांधांकडे झालेलं दुर्लक्ष आणि बार्जांच्या लाटांनी झालेली काठांची धूप ही कारणं मोठी आहेत. समुद्र त्यावर भर घालतो आहे.

शहराच्या गटारांना नेमका हाच हिशेब लागू पडतो. पणजीचं पावसाचं पाणी उतारानेच नदीत जातं. उधाणाची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की बाजारातल्या सखल रस्त्यांवर पाणी तुंबतं, ते याचमुळे. बाहेर पडायची वाट त्या तासांपुरती बंद झालेली असते. समुद्र जसजसा चढेल तसे हे बंद तास वाढत जातील. नदीला उंच भिंत बांधून हा प्रश्न सुटत नाही. भिंत नदीला बाहेर ठेवते तसं पावसाच्या पाण्याला आत अडकवते, मग पंप आले. काही जागी पंप घालावेच लागतील, हे मी नाकारत नाही. पण भिंत बांधताना पुढची खारफुटी त्या कोंडीत मरणार आहे, हा खर्च कुठल्याही अंदाजपत्रकात धरलेला नसतो, आणि तो धरला पाहिजे असं मी जिथे जाईन तिथे सांगत आलो आहे.

आता खारफुटी लावण्याबद्दल. ही कळकळ चांगली आहे, शाळेची मुलं चिखलात उतरून रोपं लावतात त्याचं कौतुकच आहे. तरी माझं स्पष्ट मत आहे की पणजीत नवी रोपं लावण्याने फारसं काही साधत नाही. ओहोटीला उघडा पडणारा चिखल रिकामा दिसतो म्हणून तिथे कांदळाच्या रांगा लावल्या जातात. तो चिखल पातळीने खारफुटीच्या खालचा आहे. तिथे रोपं दिवसाचा बराच वेळ पाण्याखाली राहतात, शेवाळ धरतं, कालवं चिकटतात आणि वर्ष-दोन वर्षांत बहुतेक मरतात. जगली तर आणखी वाईट, कारण हिवाळी पक्ष्यांचं आणि तिसऱ्यांचं रान गेलं. तो चिखल स्वतःच एक अधिवास आहे आणि समुद्र वाढल्यावर सर्वांत आधी तोच बुडणार आहे. जिथे खारफुटी आपण होऊन येत नाही तिथे बी कमी नसतं. पाणी खेळत नाही किंवा पातळी चुकलेली असते. एखाद्या रस्त्याखालची बुजलेली मोरी मोकळी करून पाण्याची ये-जा सुरू केली तर न लावता रोपं उगवतात. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, पण खरं काम ते.

आणि जागेचं काय? जी खाजनं पुन्हा कसली जाण्याची आशा उरलेली नाही त्यांपैकी काहींचा बांध ठरवून, पातळ्या मोजून मागे घ्यावा आणि पुढची जमीन खाडीला परत द्यावी, असं मला वाटतं. खाजन सपाट असतं. हजाराला एक उतार धरला तर ३० सेंटिमीटरच्या वाढीला खारफुटी ३०० मीटर सरकू शकते. दगडी काठाला जे अशक्य आहे ते इथे आपोआप होतं. पण हे नुसतं होऊ देण्यात आणि ठरवून करण्यात फार फरक आहे. आज बांध फुटतो, शेतात खारं पाणी शिरतं, चार-पाच वर्षांत तिवराचं रान माजतं, आणि मग ते तोडायला कायदा मना करतो, कारण खारफुटी किनारी नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक वर्गात येते. ज्याचं शेत गेलं त्याला मोबदला नाही, बोलायची सोय नाही. अशा शेतकऱ्याला खारफुटीचा राग आला तर मी त्याला समजू शकतो. कसणारी खाजनं सांभाळायला सरकारी मदत आणि सोडून द्यायच्या खाजनांना रीतसर मोबदला, दोन्ही लागेल. कुठलं राखायचं नि कुठलं सोडायचं हे गावाने ठरवायचं. चोडण-दिवाडीच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना कुठल्या बांधाखालची जमीन बसते आहे हे आमच्या यंत्रांआधी ठाऊक असतं. पौष अमावास्येला खाजनकाठची काही गावं चिखलाची मगर करून पुजतात, कारण कुंभारजुव्याच्या कालव्यात आणि आसपास मगरी आजही आहेत. बांध, शेत आणि मगर यांना एकत्र धरणारी ती माणसं या निर्णयातून वगळली तर निर्णय टिकणार नाही.

आता तुमच्या रानाकडे येतो. खारफुटी समुद्राबरोबर वर चढू शकते, ही आशेची बाजू अजून सांगितलेली नाही. भरतीचं गढूळ पाणी मुळांच्या जाळ्यात मंदावतं, गाळ खाली बसतो आणि जमीन हळूहळू उंच होते. हे आम्ही मोजतो. चिखलावर फेल्डस्पार या खनिजाची पांढरी पूड पसरून ठेवायची आणि वर्षाने तिथला चिखलाचा उभा काप काढून पांढऱ्या रेघेवर किती थर चढला ते पट्टीने बघायचं. सोबत खोल रोवलेल्या गजावरून जमिनीची उंचीही घ्यायची, कारण वर गाळ चढत असताना खालचा चिखल दबून बसत असतो आणि नुसता थर मोजला तर फसगत होते. जगभरच्या अभ्यासांवरून असं दिसतं की समुद्र वर्षाला सहा-सात मिलिमीटरहून जास्त वेगाने चढू लागला की खारफुटीला ही चढण झेपत नाही. आज आपण त्या वेगाच्या निम्म्यावर आहोत. मध्यम उत्सर्जनाच्या मार्गावरही शतकाच्या उत्तरार्धात वेग त्या मर्यादेला भिडतो. मधली काही दशकं हातात आहेत आणि ती पुरेपूर वापरायची तर गाळ हवा.

मांडवीचा गाळ जवळपास सगळा पावसाळ्यात येतो. जून ते सप्टेंबर नदी एवढी भरून वाहते की मुखापर्यंत पाणी जवळपास गोडं होतं. पाऊस संपला की हळूहळू समुद्र आत चढतो. भरतीचा हेलकावा मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांज्यापर्यंत जाणवतो, कारण या खाडीचा तळ बऱ्याच आतपर्यंत समुद्रपातळीच्या खाली आहे. एप्रिल-मे मध्ये खारटपणा पार वर सरकलेला असतो आणि पिण्याच्या पाण्यासाठी वरच्या अंगाला बंधारे घालून तो थोपवावा लागतो. समुद्र चढेल तशी खाऱ्या पाण्याची ही रेषा आणखी वर जाईल आणि तिच्यामागोमाग खारफुटीही नदीतून वर सरकू बघेल. तिथे काठ उंच होतात, पोफळीची कुळागरं लागतात. म्हणजे त्या वाटेनेही जागा थोडीच आहे. याच खारटपणावर कायद्याची हद्दसुद्धा ठरते: ऐन उन्हाळ्यात पाण्यात हजारी पाच भाग क्षार जिथपर्यंत सापडतात तिथपर्यंत नदीकाठाला किनारी नियमन लागू होतं. ही रेषा वर सरकली की आज नियमनाबाहेर असलेल्या गावांचाही त्यात समावेश करावा लागेल. याची चर्चा अजून माझ्या कानावर आलेली नाही.

तुम्ही विचारलं नाहीत तरी कळसा-भांडुराचा, म्हणजे म्हादईच्या या दोन नाल्यांचं पाणी कर्नाटकात मलप्रभा नदीकडे वळवण्याच्या योजनेचा, विषय निघणारच. म्हादईच्या पाणीवाटपासाठी २०१० मध्ये नेमलेल्या लवादाने २०१८ मध्ये निवाडा दिला. खोऱ्यात भरवशाचं पाणी त्याने १८८ टीएमसी (अब्ज घनफूट) धरलं. कर्नाटकाच्या वाट्यातून मलप्रभेकडे वळवायचं पाणी कळसाचं १.७२ आणि भांडुराचं २.१८, मिळून ३.९ टीएमसी. म्हणजे एकूण पाण्याच्या दोन टक्क्यांच्या आसपास. एवढ्याने पणजीच्या खाडीत समुद्र घुसेल हे म्हणणं मला पटत नाही. पण दोनच टक्के म्हणून काहीच होणार नाही, हेही चूक. ते पाणी सगळ्या खोऱ्यातून सारखं काढलं जात नाही, ठराविक नाल्यांच्या माथ्यावरून काढलं जातं. त्या नाल्यांना आणि त्यांच्याखालच्या जंगलाला ते दोन टक्के नसतं. धारवाड-हुबळीकडच्या घरांत पिण्याचं पाणी पोचायला हवं, याबद्दल वाद घालण्यासारखं काही नाही. प्रश्न कुठलं पाणी, कुठल्या महिन्यात आणि कुठून काढायचं हा आहे.

वरून पाणी बदललं की खाली काय होतं याचं उदाहरण लांब शोधायला नको. उत्तर कन्नड जिल्ह्यात शरावती आणि अघनाशिनी या शेजारशेजारच्या नद्या. शरावतीवर १९६४ मध्ये लिंगनमक्कीचं धरण झालं आणि वीज काढून झालेलं पाणी बारमाही खाली सुटू लागलं. उन्हाळ्यात खारी होणारी खाडी जवळपास गोडी राहू लागली आणि तिथल्या तिसऱ्या जवळजवळ संपल्या. अघनाशिनीवर मोठं धरण नाही. तिच्या खाडीत आजही ओहोटीला बायामाणसं चिखलात उतरून तिसऱ्या काढतात, त्यावर कितीतरी घरं चालतात. म्हणजे गोडं पाणी जास्त आलं की भलंच होतं असंही नाही. खाडीला पावसाळ्यात पूर हवा आणि उन्हाळ्यात खार हवी, हे आलटून-पालटून येणंच तिला जगवतं. काळीवर सुपा, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणांची माळ आहे, त्यांच्या पोटात गाळही अडतो. कारवारच्या खारफुटीचा विचार करताना मला समुद्राइतकीच या अडलेल्या गाळाची चिंता वाटते.

त्या मानाने मांडवीला वरून मोठा अडथळा नाही, ही फार मोलाची गोष्ट आहे. भीमगडचं रान शाबूत आहे तोवर पावसाचं पाणी मातीत मुरून सावकाश येतं, उन्हाळ्यात झऱ्यांना थोडी धार राहते. डोंगर उघडे पडले तर गाळ वाढेल, हे खरं. पण तो एकदम, दगडगोट्यांसह येतो, वरच्या डोहांत साचतो आणि खारफुटीपर्यंत चांगला बारीक चिखल कमीच पोचतो. तेव्हा गुरुजी, तुमच्या गावाने राखलेली राई आणि न तोडलेला ओढाकाठ हा पणजीच्या काठाचाच भाग समजा.

शाळेशी अजून संबंध असेल तर मुलांकडून एक नोंदवही नक्की सुरू करून घ्या. पावसाची रोजची मोजणी, आणि गावच्या ओढ्यावरच्या पुलाच्या खांबाला रंगाने आखलेल्या पट्टीवर पाण्याची उंची, विशेषतः फेब्रुवारी ते मे. या दिवसांतला उगमाकडचा प्रवाह हीच खाडीवर काम करणाऱ्यांची सर्वांत तोकडी माहिती आहे. पाच-सात वर्षांची सलग वही झाली की ती आम्हाला सोन्यासारखी.

आता फ्लॅट. मुलाला म्हणावं, कितव्या मजल्यावर आहे हे नंतर विचार, आधी इमारतीच्या जोत्याची समुद्रसपाटीपासूनची उंची लेखी माग. जमीन मूळची खाजनाची किंवा मिठागराची होती का, हे जुन्या सर्वे नकाशावर दिसतं. तशी असेल तर भराव किती टाकला आणि शेजारची जमीन किती खाली आहे ते बघावं, कारण उंच भरावावरची इमारत कोरडी राहिली तरी तिचं पाणी शेजाऱ्याच्या दारात जातं आणि रस्ता बुडाला की कोरड्या घरात अडकून पडायचं. विजेचं पॅनेल, पाण्याचा पंप आणि लिफ्टची यंत्रणा तळघरात असेल तर मी ते घर घेणार नाही. गटार नदीत नेमकं कुठे सुटतं आणि तिथे झडप आहे का, हेही विचारावं. रायबंदर सगळंच सखल नाही, मागची टेकडी चांगली उंच आहे. चारशे पावलं वर गेलं तर किंमत फार बदलत नाही आणि पुढची पन्नास वर्षं बदलतात.

बघायला मात्र उन्हाळ्यात जाऊ नये. श्रावणातली अमावास्या किंवा पौर्णिमा धरून, त्या दिवशी किंवा नंतरच्या एक-दोन दिवसांत जावं. भरतीची वेळ काढायची कोळ्यांची रीत तुम्हाला ठाऊक असेलच: तिथीची पाऊणपट. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आधी, सव्वाअकराच्या सुमाराला भरती टोकाला असते. नेमकी वेळ हवी तर भारतीय सर्वेक्षण विभागाचं भरती-ओहोटीचं कोष्टक मिळतं. बेळगावहून पहाटेची गाडी धरून चोर्ला घाटाने उतरलं तर तोवर सहज पोचता येतं. पाऊस चालू असेल तर उत्तम. त्या तासात गल्लीच्या तोंडाशी उभं राहून गटारातलं पाणी नदीकडे जातं आहे की नदीकडून येतं आहे, एवढं त्याने डोळ्यांनी बघावं आणि मग टोकन द्यावं.